वजनावर हप्ता लावण्याआधी : शिरोलीच्या एका कारखानदारांना उत्तर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी विचारलंय : "आमच्याकडे ३४० माणसं आहेत. १२० जण गटविम्यात, बाकीचे ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात. गटविम्याचा हप्ता सलग दोन वर्षं वाढला. विमा सल्लागार म्हणतात, तुमच्या माणसांची वजनं वाढलीत म्हणून क्लेम वाढले. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३०च्या वर आहे त्यांच्या पगारातून हप्त्याचा जादा भाग कापावा आणि आवारात एक जिम काढावी, असा विचार चाललाय. लठ्ठपणाचा खर्च खरंच एवढा असतो का? आणि हे दोन उपाय बरोबर आहेत का?"

मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या आसपासच्या कारखान्यांत डॉक्टर म्हणून जातोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, आणि गळीत हंगामात एखादा साखर कारखाना. हा प्रश्न अलीकडे बरेच मालक विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. आधी निकाल सांगून टाकतो. लठ्ठपणाचा खर्च खरा आहे, तुम्ही धरलाय त्यापेक्षा मोठा आहे, पण त्यातला बराचसा हप्त्यात दिसतच नाही. वजनावर पैसे कापू नका. आणि जिमचे पैसे या वर्षी तरी हातात ठेवा.

हप्त्यापासून सुरुवात करू. गटविम्याची कंपनी नूतनीकरणाच्या वेळी मुख्यतः एकच हिशेब बघते : तुम्ही हप्ता किती भरलात आणि तुमच्या माणसांपोटी क्लेम किती गेले. समजा हप्ता २० लाख आणि क्लेम २४ लाख, तर ते १२० टक्के झालं, पुढच्या वर्षी हप्ता चढणारच. आता १२० कुटुंबांच्या गटात एक बायपास आणि एक कॅन्सर आला की सगळा हिशेब बिघडतो. पुढच्या वर्षी तसं काही झालं नाही तर तोच हिशेब सुधारल्यासारखा दिसतो. एवढ्या लहान गटात एका वर्षाच्या आकड्यावरून माणसांच्या वजनाबद्दल काही म्हणणं धाडसाचं आहे.

म्हणून सल्लागारांचं म्हणणं मान्य करण्याआधी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, तीन वर्षांच्या क्लेमचा तक्ता मागून घ्या. नावं नकोत. कामगाराचे स्वतःचे क्लेम किती, बायका-मुलांचे किती, आईवडिलांचे किती, आणि कुठल्या आजाराचे किती, एवढंच हवं. माझा अनुभव असा आहे की आईवडील पॉलिसीत असले की क्लेमचा मोठा वाटा तिकडे जातो. मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा बदलणं, अँजिओप्लास्टी. सत्तरीतल्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचा भुर्दंड पस्तिशीतल्या मुलाच्या पोटाकडे बोट दाखवून त्याच्याकडून वसूल केला, तर तो हिशेबही चुकला आणि न्यायही.

ईएसआयमधल्या तुमच्या २२० माणसांचं गणित निराळं आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. २०१९च्या जुलैपासून हाच दर आहे आणि तुमची माणसं किती आजारी पडतात यावर तो बदलत नाही. मग तिथे लठ्ठपणाचा खर्च नाही का? आहे. आजारपणाच्या रजेत ईएसआय त्या माणसाला रोजाच्या ७० टक्के देतं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्याचं घर कसंबसं चालतं. तुमच्याकडे काय होतं बघा. भट्टीवरचा माणूस आला नाही म्हणून वितळलेलं मेटल थांबत नाही. पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाला मागे ठेवावं लागतं, तो ओव्हरटाइम दुप्पट दराने. नवखा गडी मोल्डिंगला उभा केला की रिजेक्शन वाढतं. गाडी उशिरा भरली जाते. हा सगळा पैसा पगार, स्क्रॅप आणि डिस्पॅचच्या रकान्यांत विखुरलेला असतो, त्यावर 'आरोग्य' असं कुणी लिहीत नाही. आणि त्याहून न दिसणारा भाग म्हणजे माणूस कामावर आलाय, पण गुडघा धरलाय, रात्री झोप झालेली नाही, दुपारी जेवल्यावर डोळे मिटतायत. हजेरीपत्रकात तो पूर्ण दिवस असतो.

अमेरिकेत हे मोजलं गेलंय. तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या हिशेबाने लठ्ठपणामुळे होणारा उपचारांचा खर्च वर्षाला सुमारे १७३ अब्ज डॉलर (२०१९च्या किमतीत), आणि लठ्ठ प्रौढ माणसामागे वर्षाला १,८६१ डॉलर जादा. हे आकडे रुपयांत करून कृपा करून इथे लावू नका. तिथे विम्याचा मोठा भार मालकच उचलतात, त्यामुळे डॉक्टरची साधी भेटसुद्धा मालकाच्या खर्चात मोजली जाते. आपल्याकडे गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी माणूस खिशातून भरतो किंवा पैसे नाहीत म्हणून टाळतो. बहुतेक गटविम्यांत ओपीडी नसतेच. विमा सुरू होतो तो अ‍ॅडमिट झाल्यावर. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीला पैसे नाहीत आणि पक्षाघाताला आहेत. आपल्याकडे मालकाला हा खर्च उशिरा दिसतो आणि दिसतो तेव्हा एकदम लाखांत दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता ३०च्या बीएमआयबद्दल. ही रेघ आपल्या माणसांसाठी नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली हाडं बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात. म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ २३पासून जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात, आणि त्याच्या जोडीला कमर बघतात : पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. त्यापुढे गेली की धोका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत निघाला, उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांत आणि मधुमेह ११.४ टक्क्यांत.

तुमच्या ३०च्या चाळणीतून काय होईल सांगतो. मशीन शॉपमधला, दंड-पाय काडीसारखे, पोट मात्र पुढे आलेला, बीएमआय २६ असलेला आणि उपाशीपोटी साखर १४० निघणारा माणूस त्यातून सुटेल. आणि तालमीत घडलेला, अंगाने भरलेला, साखर आणि रक्तदाब व्यवस्थित असलेला गडी त्यात सापडेल. दंड भरेल दुसरा, क्लेम येईल पहिल्याचा.

कमर मोजायला बसलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, पॅंट धा वर्षं झाली चौतीसचीच घालतोय की." खरं आहे. चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, आणि तेवढ्याचीच पॅंट असते. फक्त ती पोटाच्या खाली सरकलेली असते. मी शर्ट वर करायला सांगतो, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी धरतो, श्वास सोडायला सांगतो, आणि पट्टी १०२ दाखवते. करदोटा घालणाऱ्या माणसाला तर पट्टीचीही गरज नसते. मी विचारतो, "हा कधी बांधलाय?" करदोटा कमरेत रुतून त्याचा काळपट वळ उठलेला असतो आणि तो म्हणतो, "बांधला तवा सैल हुता." त्या माणसाला बीएमआयपेक्षा हे लगेच पटतं.

या पोटातल्या चरबीचं दुखणं असं की ती गप्प पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारे मेदाम्ल थेट यकृतात जातात, यकृतात चरबी साचते, इन्शुलिनचं काम मंदावतं, मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतत राहतं आणि काही वर्षांनी थकतं. रक्तदाब त्याच वाटेने चढतो. यापुढचं हृदय आणि मूत्रपिंडाचं तुम्हाला माहीत आहे, तिथे थांबत नाही. कमी माहीत असलेल्या तीन गोष्टी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी असल्याचं नोंदवलंय. गुडघ्याचं असं की वजन एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. फेटलिंगला (ओतलेल्या जॉबच्या कडा घासून साफ करायला) दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाची पावलं मोजा म्हणजे चार किलोचा अर्थ कळेल. आणि तिसरं तुमच्या फाउंड्रीचं : जाड माणसाच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. एप्रिल-मेमध्ये भट्टीजवळ सगळ्यात आधी त्यालाच भोवळ येते. उंचीवर काम करणाऱ्यांच्या हार्नेसवर (पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांवर) वजनाची मर्यादा छापलेली असते, ती एकदा स्टोअरमध्ये जाऊन वाचा आणि तुमच्या मेंटेनन्सच्या माणसांची वजनं आठवा.

एका माणसाची हकिकत सांगतो, ओळख पटणार नाही अशा बेताने. ओव्हरहेड क्रेन चालवणारा, वय ४४, उंची १७२ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. तरुणपणी तालमीत घुमलेला. आपल्याकडे हे फार बघायला मिळतं. लाल माती सुटते, जोर-बैठका सुटतात, पण खुराक सुटत नाही. दूध, तूप, थंडाई, मटण, सगळं तसंच. घरातल्यांनाही तोच अभिमान असतो, गडी खातोय म्हणजे तब्येत बरी आहे. याला कामावर झोपतो म्हणून दोन मेमो मिळाले होते आणि तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे 'कामास योग्य आहे का' या प्रश्नासकट पाठवला गेला. तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब १६०च्या खाली येत नव्हता. मी विचारलं, "रात्री घोरता का?" म्हणाला, "घोरतोय की. घोरतोय म्हंजे गाढ झोपतोय न्हवं?" गळ्याला पट्टी लावली, ४४ सेंटिमीटर. शर्टाचं वरचं बटण लागणं कधीच बंद झालेलं. मग त्याच्या बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "मधीच आवाज बंद पडतोय बघा डॉक्टर. मी हलवून जागं करते. दोन वर्षं मी बी झोपले न्हाई."

झोपेच्या तपासणीत तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास अडकत होता. गळ्याभोवतीची चरबी आणि जीभ मिळून श्वासाची वाट बंद करतात, मेंदू त्याला दर वेळी अर्धवट जागा करतो, आणि सकाळी माणूस न झोपल्यासारखाच उठतो. अशा माणसाच्या हातात वितळलेल्या लोखंडाची लॅडल उचलणारी क्रेन होती. त्याला झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन दिलं, तात्पुरतं क्रेनवरून काढून जमिनीवरचं काम दिलं. तीन आठवड्यांत दुपारची डुलकी गेली. अकरा महिन्यांत नऊ किलो उतरले, रक्तदाबाची एक गोळी बंद झाली, आणि तो पुन्हा क्रेनवर गेला. त्याला हप्त्याचा दंड लावून यातलं काय मिळालं असतं? तिसरा मेमो मिळाला असता, इतकंच.

आता जरा तुमच्या कारखान्याकडे बघू, आणि हे मी कडवटपणे म्हणत नाहीये. माणूस दिवसाचे आठ ते बारा तास तुमच्या आवारात असतो. त्याच्या पोटाचा काही भाग तुमच्या कॅन्टीनमध्ये आणि शिफ्टच्या वेळापत्रकात तयार होतो.

चहा घ्या. शिफ्टमध्ये तीन, घरी दोन, येता-जाता टपरीवर एक. सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. साठ ग्रॅम, २४० उष्मांक, दूध वेगळं. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवण-खाणं सुरू होण्याआधीच ती दुप्पट ओलांडली. गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाबद्दल मला प्रेम आहे, पण पोटात गेल्यावर तो साखरच आहे.

तेलाचं तर मी स्वतः मोजलंय. एका कॅन्टीनमध्ये रोज तीनशे जेवणं, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७,८०० ताटं. कोठीत जाऊन रिकामे डबे मोजले, पंधरा किलोचे चोवीस. ३६० किलो तेल. भागाकार केला तर एका ताटात ४६ ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मध्यम कामाच्या माणसाला दिवसभराचं मिळून २५-३० ग्रॅम पुरतं. आचारी माणूस चांगला होता. तो म्हणाला, "तर्री दिसली न्हाई तर पोरं ताट ढकलत्यात." त्याचंही खरं होतं. आम्ही तर्री बंद केली नाही. फोडणी मोजून टाकायला डाव ठरवून दिला, रोजचा तळलेला पदार्थ आठवड्यातून दोनदा केला, उसळीत पाण्याऐवजी मोड आलेलं कडधान्य वाढवलं, भाकरीचा पर्याय ठेवला आणि कांदा-काकडी-मुळा मोकळा ठेवला. चार महिन्यांत डबे तेरावर आले. कुणाची तक्रार आली नाही, आणि कोठीचं बिल उतरलं ते वेगळंच. तुमच्याकडे अडीचशेपेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे कॅन्टीन असणारच. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानेच तशा कारखान्यांवर ते बंधन घातलं होतं. जिम काढण्याआधी ही कोठी बघा.

रात्रपाळीबद्दल मालक सहसा बोलत नाहीत, पण मला ती सगळ्यात जास्त खटकते. शिकागोत २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड आणि पिठूळ खाण्याची. आता तुमचा तिसऱ्या पाळीचा माणूस डोळ्यांपुढे आणा. सकाळी सातला सुटतो, भूक सडकून लागलेली, हायवेच्या कडेला मिसळ, वर जादा कट, ब्रेडच्या चार स्लाइस, मग गोड चहा, आणि घरी जाऊन झोप. झोपही तुटक, कारण घरात दिवस चालू असतो. त्यात आठवड्यातून दोनदा डबल शिफ्ट. त्याला 'जरा चालत जा' म्हणून सांगणं सोपं आहे. पण तो रंकाळ्यावर फेरी मारायला कधी जाणार?

"आमची माणसं अंगमेहनतीची आहेत, त्यांना कसला लठ्ठपणा," हेही ऐकतो. वीस वर्षांपूर्वी ते बरंचसं खरं होतं. आज हातगाडीच्या जागी फोर्कलिफ्ट आहे, लेथच्या जागी सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीन. ऑपरेटर दिवसभर उभा असतो, दार उघडतो, जॉब लावतो, बटण दाबतो. पाय सुजतात, पण उष्मांक फारसे जळत नाहीत. खाणं मात्र वडिलांच्या काळातलं, ओझी उचलणाऱ्या माणसाचं.

जिम का नको म्हणतो ते सांगतो. अमेरिकेतल्या एका घाऊक दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणी मिळून सुमारे ३३ हजार कामगार होते. त्यातली २० ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली आणि तिथे आहार, व्यायाम, ताण यांवरचा वेलनेस कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने लोक म्हणाले, आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण वजन, रक्तदाब, साखर, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत मोजण्याजोगा फरक निघाला नाही. हे २०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. त्याआधीच्या अभ्यासांत एका डॉलरमागे तीन डॉलर वाचतात असं दिसायचं, कारण अशा कार्यक्रमांत मुळातच धडधाकट आणि हौशी माणसं नाव नोंदवतात. तुमच्या जिममध्येही तेच होईल. आधीच तालमीला जाणारी पंचवीस पोरं येतील. ज्याला गरज आहे तो बारा तास उभा राहून थकलाय आणि सगळ्यांसमोर शर्ट काढायला लाजतो.

मग कशाने फरक पडतो? नेमक्या माणसाला शोधून त्याच्यामागे चिकाटीने लागल्याने. ज्यांची साखर सीमेवर आहे अशांवर अमेरिकेत २००२ साली झालेल्या प्रयोगात आहार-व्यायाम आणि वजनात सुमारे सात टक्के घट हे लक्ष्य ठेवून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने आपल्याच माणसांवर तसा प्रयोग केला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला, आणि तिथे घट २८.५ टक्के होती. कमी वाटेल, पण चेन्नईच्या त्या माणसांचं वजन जवळपास उतरलंच नव्हतं. खाणं आणि हालचाल बदलल्यानेच एवढं झालं. म्हणून वजनकाट्यावरचा आकडा हललाच नाही तरी माझ्याकडचे प्रयत्न वाया गेले असं मी धरत नाही, आणि तुम्हीही धरू नका.

पगारातून कापण्याला मी एवढा विरोध करतो त्याला एक प्रसंग कारण आहे. फार वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात शिबिर घेतलं. तपासणी चांगली झाली. चार दिवसांनी गेलो तर नोटीस बोर्डावर यादी लावलेली : नाव, वजन, बीएमआय, आणि जादा असलेल्यांपुढे लाल खूण. हेतू 'प्रेरणा' देण्याचा होता असं मला सांगण्यात आलं. यादी माझ्या सहीच्या कागदांवरून तयार झाली होती. रुग्णाची माहिती जपणं हे डॉक्टरचं कर्तव्य, आणि मी ते कागद ऑफिसच्या टेबलावर ठेवून निघून आलो होतो. दोष माझाही होता. एका पोराला शॉपमध्ये वर्षभर 'लाल दिवा' म्हणून हाक मारत होते. पुढच्या वर्षी तपासणीला निम्मी माणसं आलीच नाहीत. न आलेल्यांतल्या एकाला नंतर हार्ट अ‍ॅटॅक आला, वय ३९. दंड लावला की माणूस वजन नव्हे, स्वतःला लपवतो. तेव्हापासून वजन पडद्याआड घेतो, मोठ्याने वाचत नाही, आणि व्यवस्थापनाला फक्त एकूण आकडे देतो : इतक्यांचा रक्तदाब वाढलेला, इतक्यांची साखर. नाव मागितलं तर देत नाही. कामाच्या जागी धोका असेल, जसा त्या क्रेनवाल्याचा होता, तर 'या कामास तूर्त योग्य नाही' एवढंच लिहून देतो, आजार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर जिमच्या पैशाचे वाटे असे केले असते. मोठा वाटा ओपीडीसाठी. आठवड्यातून दोनदा कारखान्यात डॉक्टर, दोन्ही पाळ्या बदलण्याच्या वेळी, आणि रक्तदाब-साखरेच्या जेनेरिक गोळ्या कारखान्याच्या खर्चाने. या गोळ्या महाग नाहीत. महाग पडतं ते त्या बंद होणं. पगाराच्या आधीच्या आठवड्यात गोळ्या संपतात आणि माणूस म्हणतो, "बरं वाटतंय, आता कशाला." दुसरा वाटा एका नर्सला, जी शिबिरात साखर वाढलेली निघालेल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा गाठेल. शिबिरं आपल्याकडे भरपूर होतात, रिपोर्टची फाइल कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी नवी फाइल होते. तिसरा वाटा कॅन्टीनला. आणि एक गोष्ट पैशाची नाही : सलग रात्रपाळ्या कमी करा आणि एकाच माणसाला आठवड्यात दोन डबल शिफ्ट देऊ नका. प्रॉडक्शन मॅनेजर नाराज होतील. मीही त्यांच्याशी भांडलोय, तुम्हालाही भांडावं लागेल.

हे केल्यावर हप्ता पुढच्याच वर्षी उतरेल असं मी सांगणार नाही. उलट पहिल्या वर्षी लपलेला मधुमेह बाहेर आल्याने खर्च थोडा वाढल्यासारखा दिसेल. गैरहजेरी आणि ओव्हरटाइमचे आकडे मात्र आजपासून दरमहा लिहून ठेवा, फरक आधी तिथे दिसेल.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल हल्ली स्टाफमधली माणसं हळूच विचारतात. टिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइडही आहे. औषधं परिणामकारक आहेत. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण बंद केलं की वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे रक्तदाबासारखा हा दीर्घकाळ चालणारा उपचार आहे, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. ऑपरेशनबद्दल सांगायचं तर बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असतील तर ३५, आणि इतर उपाय करून झालेले असतील, तरच सर्वसाधारण आरोग्य विमा ते मान्य करतो. तुमच्या पॉलिसीत हे कलम कसं आहे ते वाचून घ्या.

तपासणी ठेवाल तेव्हा दोन बारीक गोष्टी सांभाळा. तिसऱ्या पाळीच्या माणसांची उपाशीपोटी साखर सकाळी सातला घेऊ नका. पहाटे चार वाजता त्यांनी चहा-बिस्किट खाल्लेलं असतं आणि तो आकडा चुकीचा येतो. त्यांची एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करा, तिला उपाशी राहावं लागत नाही. आणि मापपट्टी शिंप्याची कापडी घेऊ नका, वापरून वापरून ती ताणते आणि पुढच्या वर्षी सगळ्यांची कमर कमी झाल्यासारखी वाटते. फायबरची न ताणणारी घ्या. टीपीएचा तक्ता हातात आला की नावं काढून माझ्याकडे पाठवा, नूतनीकरणाच्या बैठकीआधी बसून बघू.